पोर्चमधे ऊन किती वाजता येतं?

या खेपेला पत्रांचा गठ्ठा सोडून बसले तर अर्ध्याच्या वर पत्रं एकाच दुखण्याची निघाली. पोर्च आहे, तिथे थोडं ऊन असतं थोडी सावली असते, हौसेने झाडं आणली आणि एकेक करून गेली, आता काय लावू ते सांगा. म्हणून गुलाबाची छाटणी, लॉनमधलं तण वगैरे सगळं यावेळी बाजूला ठेवलंय आणि फक्त पोर्च घेतलाय. ज्यांचे प्रश्न राहिले त्यांनी रागावू नका, पुढच्या अंकात घेते.

प्रश्न : ताई, आमच्या पोर्चचं तोंड पूर्वेला आहे. पुढच्या भागात सकाळी ऊन येतं, आत भिंतीपाशी कधीच येत नाही. नर्सरीत विचारलं तर म्हणाले ही सगळी सावलीची झाडं, बिनधास्त न्या. आठ आणली, तीन महिन्यांत पाच गेली. काही जळाली, काही नुसतीच लांबुडकी होऊन लोळली. सासूबाई म्हणतात तुझा हातच झाडांना लाभत नाही. खरंच असं असतं का?
— आठातली तीन उरलेली

उत्तर : हात लाभणं न लाभणं काही नसतं हो, सासूबाईंना सांगा मी सांगितलंय म्हणून. आणि उत्तर तर तुमच्या पत्रातच आहे, काही जळाली आणि काही लोळली, म्हणजे एकाच पोर्चमधे काहींना ऊन जास्त झालं आणि काहींना कमी पडलं. पोर्च एक दिसतो पण झाडांच्या दृष्टीने त्या दोन-तीन वेगळ्या जागा असतात. आपण झाडं आधी आणतो आणि मग रिकामी जागा दिसेल तिथे टेकवतो, घोळ तिथेच होतो.

"सावलीचं झाड" हा शब्दपण फसवा आहे. अंधारात वाढणारं झाड नसतं. आपण ज्यांना सावलीची म्हणतो ती बहुतेक जंगलात मोठ्या झाडांच्या खाली वाढणारी, म्हणजे त्यांच्या अंगावर दिवसभर कवडसे येऊन जाऊन असतात. आपल्या डोळ्यांना यातला फरक कळत नाही कारण डोळा लगेच जुळवून घेतो. भर दुपारच्या उघड्या उन्हात साधारण १ लाख लक्स (उजेड मोजायचं माप) उजेड असतो, बाहेरच्या चांगल्या मोकळ्या सावलीत १० ते २० हजार, आणि घरात खिडकीपासून लांब एखाद्या कोपऱ्यात जेमतेम दोनचारशे. आपल्याला तिन्हीकडे पेपर वाचता येतो म्हणून वाटतं की उजेड आहेच की. झाडाला मात्र त्या दोनचारशेत पोट भरत नाही, मग ते उजेड शोधत लांब होत जातं, दोन पानांमधलं पेर वाढतं, खोड बारीक राहतं आणि शेवटी स्वतःचंच वजन पेलत नाही. तुमची लोळलेली झाडं ही.

आता एक काम करा, सुट्टीच्या दिवशी एक खडू घ्या. सकाळी ८ वाजता पोर्चच्या फरशीवर ऊन जिथे संपतंय तिथे रेघ मारा आणि शेजारी ८ लिहा. मग १० ला, १२ ला, २ ला, ४ ला तसंच करा, मोबाइलवर अलार्म लावून ठेवा नाहीतर हमखास विसरायला होतं. संध्याकाळी फरशीकडे बघा, कुठल्या जागी किती तास ऊन होतं ते चक्क लिहिलेलं दिसेल. ६ तास किंवा जास्त थेट ऊन असेल तर ती भर उन्हाची जागा, ३ ते ६ तास म्हणजे अर्ध्या सावलीची, आणि त्याहून कमी म्हणजे सावलीची. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा ज्या खांबाजवळची जागा मी गेली कित्येक वर्षं "मस्त उन्हाची" म्हणत होते तिथे पूर्ण दिवसात दीड तास ऊन निघालं. दीड तास! आणि मी तिथल्या जास्वंदीला कळी येत नाही म्हणून तिलाच बोल लावत होते.

जिथे ऊन अजिबात येत नाही तिथे उजेड किती आहे हे बघायला हाताची सावली बघायची. दुपारी बाराच्या सुमारास पांढरा कागद ठेवायचा, त्याच्यावर एक फूट अंतरावर हात धरायचा. सावलीत बोटं वेगवेगळी दिसली तर उजेड चांगला. नुसता धुरकट हाताचा आकार दिसला तर मध्यम. काहीच नीट दिसत नसेल तर तिथे झाड नको, खुर्ची ठेवा.

पण एक दिवस मोजून भागत नाही, ऋतूप्रमाणे ऊन सरकतं. उत्तर गोलार्धात राहणाऱ्यांच्या दक्षिणेकडच्या पोर्चमधे हिवाळ्यात सूर्य खाली असल्यामुळे ऊन खोलवर आत येतं आणि उन्हाळ्यात बाहेरच थांबतं. साधा हिशोब सांगते. छत ३ मीटर उंच असेल आणि सूर्य समोर ४५ अंशावर असेल तर ऊन ३ मीटर आत येणार, तोच सूर्य ७० अंशावर चढला की जेमतेम १ मीटर. म्हणून डिसेंबरात सुखात असलेलं झाड जूनमधे रुसतं, आणि आपण खत घालत बसतो. तुमचा पूर्वेचा आहे म्हणजे एवढा फरक पडणार नाही, तरी सहा महिन्यांनी खडू परत काढाच.

तुमच्या पुढच्या पट्ट्यात सकाळचं ३-४ तास कोवळं ऊन मिळत असणार असं धरून सांगते, ही तर सोन्यासारखी जागा आहे. तिथे अबोली लावा, कुणी फार विचारत नाही तिला पण अर्ध्या सावलीत इतक्या दिवस फुलत राहणारं दुसरं झाड मला तरी माहीत नाही. बिगोनिया, कोलियस, क्रोटन, पेंटास, कामिनी हे सगळं तिथे चालेल. मोगऱ्याचा मोह होईल पण त्याला ५-६ तास ऊन लागतं, चार तासांत पानं भरपूर येतील आणि फुलं मोजकी, चालणार असेल तर लावा. मधल्या पट्ट्यात, जिथे ऊन अंगावर येत नाही पण लख्ख उजेड आहे, तिथे सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, बोस्टन फर्न, स्पायडर प्लांट, पीस लिली, रंगीत पानांचा अ‍ॅग्लोनेमा. आणि मागच्या भिंतीपाशी हिरव्या पानांचा अ‍ॅग्लोनेमा, झेडझेड प्लांट, स्नेक प्लांट. ही मागची मंडळी सोशिक आहेत एवढंच, तिथे ती वाढतील असं समजू नका, टिकतील. स्नेक प्लांटला खरं तर ऊन आवडतं, आपणच त्याला कोपऱ्यात घालतो कारण ते बिचारं तक्रार करत नाही.

आता जळालेल्यांचं. नर्सरीत झाडं हिरव्या जाळीखाली वाढवलेली असतात, त्यांची पानं पातळ आणि मऊ असतात, तशी पानं एकदम उन्हात ठेवली की दोन दिवसांत त्यावर पांढुरके नाहीतर तपकिरी चट्टे पडतात. ते चट्टे परत हिरवे होत नाहीत. पण झाड मेलेलं नसतं, नवीन येणारी पानं त्या उन्हाला साजेशी जाडसर येतात. म्हणून कुठलंही नवीन झाड आणलं की पहिले चार दिवस सावलीत, मग रोज तासभर सकाळचं ऊन, मग दोन तास, असं करत १०-१५ दिवसांत जागेवर न्यायचं. कंटाळवाणं आहे, मान्य, पण परत आठ झाडं आणण्यापेक्षा बरं. आणि यावेळी आठ नको, तीनच आणा.

प्रश्न : आमचा पोर्च पश्चिमेचा. दुपारी एक-दीडपर्यंत पूर्ण सावली आणि मग मावळेपर्यंत भाजून काढतं. फर्न लावले, गेले. पीस लिली गेली. तास मोजले तर साडेचार भरतात, म्हणजे "अर्धी सावली"च ना? मग झाडं का मरतात?
— भट्टीवाले

उत्तर : तास सारखे असले तरी ऊन सारखं नसतं. सकाळी ९ चं ऊन आणि दुपारी ३ चं ऊन, सूर्य साधारण तेवढाच वर असतो, पण दुपारपर्यंत हवा तापलेली असते, फरशी तापलेली असते, भिंत तापलेली असते आणि कुंडीतलं पाणी निम्मं संपलेलं असतं. पान वरून तापतं आणि मुळं खालून पाणी पुरवू शकत नाहीत, मग कडा करपतात. त्यामुळे पश्चिमेचे साडेचार तास हे अर्धी सावली नाहीच, त्याला भर ऊन समजूनच झाडं निवडायची.

फर्न विसरा. काटक झाडं बघा, अडेनियम, सदाफुली, एक्झोरा, घाणेरीच्या बागेत लावायच्या बुटक्या जाती, युफोर्बिया मिली, कोरफड, युक्का. चिनी गुलाब तर एकदम छान, त्याची फुलं उन्हातच उघडतात, म्हणून तर काही लोक त्याला ऑफिस टाइम म्हणतात, फक्त तुमच्याकडे त्याचं ऑफिस दुपारपाळीचं असेल.

दुसरं म्हणजे सावली तुम्ही स्वतः तयार करू शकता. बाहेरच्या कडेला एका मोठ्या कुंडीत मधुमालती लावा आणि खांबाला जाळी बांधून वर चढवा. एक वर्ष धीर धरा. ती चढली की तिच्या पानांतून उन्हाचे कवडसे पडतात आणि आतल्या बाजूला तुम्हाला हवी ती नाजूक झाडं ठेवता येतात. फुलं पांढरी उमलतात, मग गुलाबी आणि मग लाल होतात, एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात ते वेगळं. वाढते मात्र बेफाम, वर्षातून दोनदा कात्री चालवायची तयारी हवी.

आणि कुंड्यांकडे पण बघा. काळी प्लास्टिकची कुंडी पश्चिमेच्या उन्हात इतकी तापते की हात लावून बघा, कडेची मुळं शिजतातच. एक तर मातीची कुंडी घ्या नाहीतर प्लास्टिकची कुंडी दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवा, मधे नारळाच्या शेंड्या भरा. खाली दोन विटा ठेवल्या की फरशीची धग लागत नाही आणि पाण्याचा निचरापण नीट होतो.

प्रश्न : क्रोटन आणला तेव्हा लाल-पिवळा-नारिंगी असा झकास होता, आता नवीन पानं सगळी हिरवी येतायत. कोलियसचं पण तेच. खत कमी पडतंय का? रंगासाठी काही औषध मिळतं का?

उत्तर : औषध उन्हात आहे, फुकट आहे. क्रोटनला रंग धरायला रोज ३-४ तास तरी ऊन लागतं. उजेड कमी झाला की झाड हिशोबी होतं, रंगीत पानं परवडत नाहीत, जास्तीत जास्त हिरवं करून जेवढा उजेड मिळेल तेवढा ओढून घ्यायचा. पांढऱ्या पट्ट्यांच्या मनी प्लांटचं पण असंच होतं, पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं म्हणजे तो भाग काही कमवत नाही, नुसता खातो, त्यामुळे अंधाऱ्या कोपऱ्यात तो हिरवा होत जातो.

क्रोटन पुढे उन्हात आणा, पण वर सांगितलं तसं हळूहळू. आणि आणल्यावर खालची पाच-सहा पानं गळतील, घाबरू नका, क्रोटनला जागा बदललेली आवडत नाही, तो निषेध नोंदवतो आणि मग गप्प बसतो. जुनी हिरवी झालेली पानं रंगतीलच असं नाही, नव्या पालवीत मात्र रंग दिसेल.

कोलियसचं जरा उलटंसुलटं आहे. काही जातींचा रंग कडक उन्हात फिका पडतो, धुतल्यासारखा दिसतो, आणि काही नव्या जाती उन्हासाठीच तयार केलेल्या आहेत. तुमच्याकडे कुठली आहे ते पत्रावरून कळत नाही, त्यामुळे सोपं काम करा, एक फांदी तोडून पाण्यात ठेवा, आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात, अशी दोन-तीन रोपं करून पोर्चच्या वेगवेगळ्या जागी ठेवा. जिथला रंग आवडेल ती त्याची जागा. शेंड्याला तुरा येताना दिसला की खुडून टाका, नाहीतर झाड सगळा जोर त्यात घालतं आणि पानं लहान व्हायला लागतात.

प्रश्न : पोर्चच्या खांबाजवळ मोठ्या कुंडीत बोगनवेल आहे, दोन वर्षं झाली. रोज पाणी घालते, दर महिन्याला खत, पानं अशी तजेलदार आहेत की बघत राहावं. फूल एक नाही. शेजारच्यांची कंपाउंडवरची वेल कुणी ढुंकून बघत नाही तरी गुलाबीधमक झालीये. जीव जळतो.
— बोगनवेलीची आई

उत्तर : आई, लाड कमी करा. बोगनवेल ही लाडाने बिघडणारी जात आहे. आधी ऊन मोजा, ५-६ तास थेट ऊन नसेल तर बाकी काहीही करा, उपयोग नाही. छताखालून बाहेर काढा, पायरीवर ठेवा, कठड्यावर ठेवा, जिथे वर आभाळ दिसतं अशी जागा तिला हवी.

ऊन असेल आणि तरी फूल नसेल तर मग तुमचं पाणी आणि खत. नत्र जास्त असलेलं खत दर महिन्याला घातलं की ती म्हणते वा, पानंच काढू. खत तीन महिने बंद. पाणी, माती वरून चांगली सुकली आणि शेंड्याची पानं किंचित मलूल दिसायला लागली की मगच. असा थोडा ताण बसला की तिला फुलायचं सुचतं. नवीन फुटव्यांच्या टोकाला फूल येतं, म्हणून एक बहर संपला की शेंडे छाटायचे. आणि मोठ्या कुंडीचंपण तसंच आहे, मुळांना जरा दाटी झालेली तिला चालते, उलट तशीच जास्त फुलते.

तसं आपण ज्याला फूल म्हणतो ती रंगीत पानंच असतात, खरं फूल त्या तीन रंगीत पानांच्या आत बारीक पांढरट नळीसारखं असतं, कधीतरी जवळून बघा. बूगनव्हिल नावाचे फ्रेंच दर्यावर्दी १७६६ ते १७६९ जगप्रदक्षिणेला निघाले होते, त्यांच्या बरोबरच्या कॉमर्सन या वनस्पतिशास्त्रज्ञाने ब्राझीलमधे ही वेल नोंदवली आणि नाव कप्तानाचं पडलं. जहाजावर तिला रोज पाणी कुणी घातलं नसणार एवढं नक्की.

प्रश्न : पावसाळ्यात झाडांना पाणी घालायचं नाही असं सगळे म्हणतात म्हणून मी बंद केलं. पोर्चमधली निम्मी झाडं सुकली आणि उरलेल्यांतली काही पिवळी पडली. पाऊस तर धो धो होता! हे काय गणित आहे?

उत्तर : पाऊस धो धो होता, पण छताबाहेर! पोर्चच्या आतल्या रांगेवर पावसाचा थेंबसुद्धा पडत नाही. आपण खिडकीतून पाऊस बघतो आणि मनात धरतो की झाडं प्यायली. आणि पिवळी पडलेली झाडं कडेला होती का बघा, मला वाटतं ती बरोबर पागोळ्यांच्या खाली असणार. छतावरचं सगळं पाणी त्या एका रेषेत गळतं, तिथल्या कुंडीला पावसापेक्षा कितीतरी जास्त पाणी मिळतं, माती चेपून घट्ट होते, वरचं खत वाहून जातं, आणि मुळांना हवा मिळेनाशी झाली की ती कुजतात. म्हणजे हातभर अंतरावर एक झाड तहानेने गेलं आणि एक बुडून गेलं.

कडेच्या कुंड्या पावसाळ्यापुरत्या एक वीत आत सरकवा आणि आतल्यांना बोट घालून बघून पाणी घाला. बोट म्हणजे खरंच बोट, दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालायचं, ओलं लागलं तर आज नाही. मोठ्या कुंडीत खाली ओल असते आणि वर कोरडं दिसतं, तिथे कुंडी जरा कलती करून वजनाचा अंदाज घ्यायचा, आठवड्याभरात हाताला सवय होते.

आणि हे फक्त पावसाळ्याचं नाही, बारा महिने लक्षात ठेवा की सावलीतल्या आणि उन्हातल्या कुंड्यांना एकाच दिवशी एकाच तांब्याने पाणी घालायचं नसतं. उन्हातली सदाफुली रोज पिईल, तिच्यापासून चार फुटांवरचा झेडझेड जमिनीखालच्या कंदात पाणी साठवून बसलेला असतो, त्याला दोन-तीन आठवड्यांनी एकदा घातलं तरी पुरतं. सावलीत पाणी उडून जात नाही, झाड वाढतही हळू, म्हणून पाणीपण कमी आणि खतपण निम्मं. मला आलेल्या पत्रांत सावलीतली जी झाडं मेली म्हणतात ती माझ्या मते बहुतेक पाण्याने मेलेली असतात, प्रेमाने घातलेल्या.

एक पीस लिली मात्र पोर्चमधे असू द्या. ती तहान लागली की अशी माना टाकते की वाटतं संपलं, आणि पाणी घातलं की दोन-तीन तासांत उभी. माना टाकल्यात आणि माती ओलीच आहे असं दिसलं तर मात्र पाणी घालू नका, मुळं कुजायला लागलीयेत, कुंडीतून काढून काळी मऊ झालेली मुळं कापा आणि नवीन भुसभुशीत मातीत लावा. कुंडीखालच्या ताटलीत साठलेलं पाणी अर्ध्या तासाने ओतून टाकायचं, मुळांसाठीपण आणि डासांसाठीपण, साठलेल्या पाण्यात अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात.

प्रश्न : घरात एक वर्षाचं बाळ आणि एक मांजर, दोघंही दिसेल ते तोंडात घालतात. पोर्चमधे डायफेनबाखिया आणि मनी प्लांट आहेत, काढू का?
— बाळाचे बाबा

उत्तर : काढा, निदान दोघांच्या आवाक्याबाहेर टांगा. डायफेनबाखियाच्या पानात आणि खोडात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, चावलं की तोंड-जीभ सुजते, भयंकर आग होते. मनी प्लांट, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम, पीस लिली, झेडझेड ही पण त्याच कुळातली, यांच्यातही तेच. अडेनियम आणि कण्हेर तर अजिबात नको, ती हृदयावर परिणाम करणारी विषं आहेत. आणि मांजरासाठी खास सांगायचं म्हणजे खऱ्या लिलीचा गुच्छसुद्धा घरात आणू नका, त्याचे नुसते पराग अंगावरून चाटले तरी मांजराच्या किडन्या निकामी होऊ शकतात. पीस लिली ही नावाची लिली आहे, तिने एवढं होत नाही, तोंडाची आग मात्र होते. कुणी काही चावलंच तर घरगुती उपाय करत बसू नका, झाडाचं पान बरोबर घेऊन डॉक्टरकडे जा, मांजराला व्हेटकडे.

त्यांच्या जागी स्पायडर प्लांट, बोस्टन फर्न, अरेका पाम, कॅलेथिया, पेपेरोमिया ठेवा, ही सगळी निर्धोक आहेत आणि सगळी अर्ध्या सावलीत खूश असतात. स्पायडर प्लांटची लोंबणारी पानं मांजर कुरतडणार म्हणजे कुरतडणार, ते झाडाचं नशीब. आणि कुंडीतली माती बाळ खाईल त्याचं काय, तर वर मोठे गुळगुळीत गोटे पसरा. मोठे म्हणजे त्याच्या तोंडात न मावणारे.

प्रश्न : सावलीत फुलणारं काहीतरी सांगा ना, सगळीकडे नुसती पानंच पानं.

उत्तर : ऊन अजिबात नसेल तर पीस लिली आणि अ‍ॅन्थुरियम, तेही उजेड चांगला असेल तरच. तासभर जरी कोवळं ऊन असेल तर इम्पेशन्स, टोरेनिया, बिगोनिया. बाकी जे कुणी सावलीत गुलाब फुलवून दाखवतो म्हणतात त्यांना एकदा पोर्च दाखवायला सांगा.

प्रश्न : झाडं सतत फिरवत राहावी का? आमचे हे दर रविवारी सगळ्या कुंड्यांच्या जागा बदलतात, म्हणतात सगळ्यांना ऊन मिळायला हवं.

उत्तर : भावना चांगली आहे पण नको. दर आठवड्याला जागा बदलली की झाड एका उजेडाला जुळवून घेतंय तोवर दुसरा येतो. फायकस असेल तर पानांचा खचच पडेल. जागेवरच ठेवा आणि आठवड्यातून एकदा पाव गिरकी द्या, म्हणजे झाड एकाच बाजूला झुकत नाही. यांना रविवारी काहीतरी काम हवंच असेल तर ओल्या फडक्याने पानं पुसायला द्या. सावलीतल्या पानांवर धूळ बसली की आधीच कमी असलेला उजेड आणखी कमी होतो, शिवाय पुसताना पानामागचा लाल कोळी, पिठ्या ढेकूण असला किडा वेळेवर दिसतो. दिसलाच तर १ लिटर कोमट पाण्यात ५ मिली नीम तेल आणि लिक्विड साबणाचे चार थेंब, संध्याकाळी फवारायचं, उन्हात नाही.

प्रश्न : मागच्या वर्षी कॅलेडियमचे दोन कंद लावले, पोर्चच्या सावलीत काय सुंदर पानं आली होती, गुलाबी-पांढरी. थंडी सुरू झाली आणि एकेक पान माना टाकून गेलं. आता कुंडीत नुसती माती आहे. फेकून देऊ?

उत्तर : थांबा! गेलं नाहीये, झोपलंय. कॅलेडियम थंडीत पानं टाकतं आणि कंद मातीखाली विश्रांती घेतो. आता पाणी बंद करा, अगदीच बंद, ओल्या मातीत थंडीत कंद सडतो. कुंडी कोरड्या उबदार कोपऱ्यात सरकवा. हवा गरम व्हायला लागली की माती बदला, कंद दोन इंच खोल ठेवा, थोडं थोडं पाणी सुरू करा, कोंब वर यायला काही आठवडे लागतात तेव्हा उकरून बघायची घाई करू नका. आणि आजच कुंडीवर एक चिठ्ठी चिकटवा, "आत झाड आहे" अशी. माझ्याकडे घरच्यांनी रिकामी कुंडी समजून माती दुसरीकडे ओतली होती, पुढच्या वर्षी कॅलेडियम आला तो थेट कोरफडीच्या मधून.